थ्रिथचं अक्षर

“ही माझी आई नाही,” हेरेबाल्ड राजा पोथीवर बोट टेकवून म्हणाला.

मारिनुस गुरुजींचा पिसाचा टाक थबकला. रोमहून येऊन इंग्लंडातल्या या चिमुकल्या राज्याला त्यांनीच लिहायला शिकवलं होतं. आज राजाच्या दिवंगत आईचं नाव चर्चच्या प्रार्थनापोथीत चढवायचं होतं. नाव होतं थ्रिथ. गुरुजींनी लिहिलं होतं ट्रिट.

“महाराज, रोमच्या लिपीत तुमच्या त्या ‘थ’च्या आवाजाला अक्षरच नाही. पवित्र लिपीत मी भर कशी घालू?”

“मग रोज प्रार्थना होईल ती कुणा ट्रिटबाईसाठी. माझी आई बसेल स्वर्गाच्या दाराशी ताटकळत.”

राजाने कट्यार उपसली. गुरुजी चटकन मागे सरकले. राजाने मात्र ती अलगद पोथीशेजारी ठेवली. मुठीवर एक खूण कोरलेली होती, फांदीला काटा फुटावा तशी. “‘थ’साठी आमचे पूर्वज हे कोरायचे.”

खूण जुन्या देवांच्या काळातली. असल्या खुणा गुरुजींनी गावोगावच्या दगडांवरून खरवडून काढायला लावल्या होत्या. पण इथल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना आपल्या चुलीपाशी बसवणारी हीच थ्रिथ होती. ते ‘राणी ट्रिट’ म्हणाले की ती पोट धरून हसायची.

गुरुजींनी तीच कट्यार उचलली आणि कातड्याच्या पानावरून ‘ट्रिट’ खरवडून काढलं. मग मधली अक्षरं रोमचीच लिहून दोन्ही टोकांना ती काट्याची खूण काढली.

राजाने अक्षरं लावत वाचलं, “थ्रिथ.”

गुरुजींनी टाक पुन्हा शाईत बुडवला. “महाराज, तुमच्या भाषेतले आणखी कोणते आवाज बाहेर उभे आहेत?”