निधनवार्तांचं पान

"मंत्री काय, उद्याही जिवंतच असणार," हिल्मीकाका म्हणाले. "मेलं कोण, ते सांगा उस्ताद."

इस्माइलियातल्या अकरा अंधांसाठी वजीहने वर्तमानपत्राची पहिली कॅसेट भरली, तेव्हा तीत सिंचन परिषद होती, अग्रलेख होता, हवामानही होतं. अकराही जणांनी तक्रार केली. दुसऱ्या आठवड्यापासून हा निवृत्त शाळामास्तर दर शुक्रवारी निधनवार्तांचं पान आधी वाचू लागला. कोणाचा मुलगा, कोणाचा मेहुणा, कुठला जावई कुठल्या खात्यात, सगळं. श्रोते खूश झाले.

सगळ्यांत चोखंदळ हिल्मीकाका. कालव्याच्या कचेरीतले जुने टेलिफोन ऑपरेटर. घरात एकटेच. एकुलता एक मुलगा शरीफ कुवेतला.

चौथ्या शुक्रवारी वाचता वाचता वजीह थबकला. पानाच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. शरीफ हिल्मी, कुवेतमध्ये निधन, दफन तिकडेच, शोकसभा नाही. नातेवाइकांत एकच नाव, वडिलांचं.

"तिकडच्या मित्रांनी दिली असेल," बायको नगवा म्हणाली. "अहो, वाचू नका. म्हाताऱ्याला हे कॅसेटमधून कळायचं? जीव जाईल त्यांचा."

"मग जाऊन सांगू?"

"सांगवेल तुम्हाला?"

वजीहने तो थबकला होता तिथपर्यंत कॅसेट मागे फिरवली. पण तेवढी जागा रिकामी राहिली असती. म्हणून त्याने आधीच वाचून झालेल्या, पोर्ट सईदच्या एका कस्टम अधिकाऱ्याला पुन्हा एकदा मारलं.

शनिवारी वजीह कॅसेट द्यायला गेला तेव्हा हिल्मीकाका कोट घालून बसले होते. कॅसेट त्यांनी तिथल्या तिथे लावली आणि संपेपर्यंत हात वर धरून वजीहला बोलू दिलं नाही.

"ते कस्टमवाले दोनदा गेले," ते म्हणाले.

"मोठे गृहस्थ होते, काका."

"पान पूर्ण वाचलंत?"

"पूर्ण."

"बारीक अक्षरातलंसुद्धा?"

"सुद्धा."

"ओळखीचं कुणी?"

"कुणी नाही. सगळे परकेच."

वजीह घाईघाईने जिना उतरला. शाळेत त्याला साधं आजारपणाचं खोटंसुद्धा कधी जमलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तोच कोट, तेच प्रश्न. त्याच्या पुढच्या शनिवारी कॅसेट संपली तशी काका उठून काठी शोधू लागले.

"चला उस्ताद. मला वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन सोडा. भांडायचंय."

"कशाबद्दल, काका?"

"मी स्वतः फोन करून एकेक अक्षर सांगितलं होतं त्यांना. माझ्या तोंडून कुणापुढे ते निघेना. म्हटलं, एकदा तुमच्या आवाजात ऐकलं की मग रडता येईल." त्यांनी कोटाची वरची गुंडी लावली. "तीन आठवडे झाले, उस्ताद. माझा शरीफ छापलाच नाही त्यांनी."