पायाखालचा सूर

"अहो, तो पाय आवरा," बायको म्हणाली. दुकानदाराने हसू लपवायला मान वळवली.

नवरा पेडल स्टील गिटारसमोर बसला होता. बसला होता एकदाचा. त्यासाठी दोघांनी शहरातली यच्चयावत दुकानं पालथी घातली होती. एका दुकानात त्यांच्यापुढे चकचकीत पत्र्याची गिटार ठेवली. दुसऱ्यात पायाने दाबायची डबी काढली आणि वर सल्ला दिला, गिटार आवडेल ती घ्या, पेडल हे जोडा, झालं काम. एका शहाण्याने तर असलं वाद्य जगातच नसतं, अशी छातीठोक खात्री दिली. आणि इथे, बाजाराच्या पार टोकाला, मागच्या खोलीत जुन्या पियानोंच्या आड ते मुकाट उभं होतं. चार पायांवर आडवी फळी, फळीवर दहा तारा, खाली पेडलं आणि गुडघ्यांच्या उंचीवर लोंबणारे लोखंडी दांडे. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलच्या सामानातून आलेलं. दुकानदाराने त्याच्यावरची धूळ पुसली तेव्हा नवऱ्याने आधी वाकून पेडलं मोजली.

त्याला हेच हवं होतं. दुसरं चालण्यासारखं नव्हतं. दिवसा तो ज्या छापखान्यात काम करायचा, तिथल्या कागद कापायच्या मशीनने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली, आणि ऑर्केस्ट्रात उभा जन्म काढलेल्या माणसाची गिटार भिंतीवर टांगली गेली. या वाद्यात डाव्या हाताने तारा दाबायच्या नसतात. एक जाड कांडी धरून ती तारांवर अलगद सरकवायची. तेवढ्याला उरलेली बोटं पुरत होती. सूर चढवायचे-उतरवायचे ते पायांनी आणि गुडघ्यांनी. हे कळल्या दिवसापासून तो पुन्हा माणसात आला होता. बायकोच्याही जिवात जीव आला होता. ती शिलाईच्या कारखान्यात कामाला. दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकायचा आणि संध्याकाळी मुक्या घरात पाऊल टाकायचं, हे तिला आता सोसवत नव्हतं. घरात पुन्हा सूर लागावा, एवढंच तिचं मागणं होतं.

हातांनी त्याला दगा दिला नाही. घात केला तो पायाने. सगळी हयात पायाने ठेका धरण्यात गेलेली. तार छेडली की पाय आपोआप थडथड पडायचा. पण इथे पायाखाली जमीन नव्हती, पेडल होतं. प्रत्येक ठेक्याला सूर उचकी लागल्यासारखा उडायचा. पाय आवरायला जावं तर हात अडायचे. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्याने कांडी खाली ठेवली.

"जित्याची खोड आहे ही," तो म्हणाला. "चल घरी."

ती हलली नाही. ती वाकून वाद्याच्या खाली बघत होती.

"हे तर आमच्या मशीनसारखंच आहे की," ती म्हणाली. "उठा बरं जरा."

तिचं सगळं आयुष्य कॉलर शिवण्यात गेलं होतं. गुडघ्याने दांडा ढकलायचा की सुईजवळची पट्टी उचलली जाते. पायाने मशीनला वेग द्यायचा, तोही कापड मागेल तेवढाच. पाय जड पडला की सुई तुटलीच म्हणून समजा. ती चपला काढून बसली.

"मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पाय कसा टेकवायचा ते तेवढं दाखवते. तुम्ही तार वाजवा."

तो पलीकडून वाकला, कांडी टेकवली आणि एक तार छेडली. तिने पाऊल पेडलवर सैल सोडलं. दाबलं नाही, नुसतं सोडलं.

सूर वर निघाला. ना उडी, ना धक्का. सुईखालून तलम कापड सरकावं तसा तो सरकत वर गेला आणि तिथेच थांबून थरथरत राहिला. ती थरथर तिच्या तळव्याला लागली. त्याने जोडीला दुसरी तार छेडली. तिने गुडघा हलवला, तर त्या तारेचा सूर हळूच खाली उतरून पहिलीच्या सुराला येऊन मिळाला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला भीतीच वाटली. आपल्या पायाने हे केलं, यावर तिचा विश्वास बसेना.

नवऱ्याने पुन्हा तार छेडली, मग पुढची. आता तो ती धून वाजवू लागला, जिने तो प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट करायचा. घरी त्याचा रियाज चालायचा तेव्हा ती ही धून ओट्याशी उभी राहून ऐकायची. सूर कुठे चढायचा, कुठे हळूच उतरायचा, हे त्याने मान हलवायच्या आत तिच्या पायाला कळत होतं. म्हणे ओ की ठो कळत नाही. अख्खी खोली त्या आवाजाने भरून गेली. दुकानदाराच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. नवऱ्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

धून संपली. दुकानदाराने फडकं खांद्यावर टाकलं.

"साहेब, घ्या तुम्ही खुशाल. पण मनातलं सांगतो, मी इतकी वर्षं या धंद्यात आहे आणि हे वाजवणारा माणूस अजून पाहिलेला नाही. तुम्हाला शिकवणारं कुणी मिळायचं कुठे?"

"मिळाली," नवरा म्हणाला, आणि तिची पावलं नीट दिसावीत म्हणून समोर जमिनीवर मांडी घालून बसला.