उपासाला चालणारी नळी

"गाईची? या दिवसांत?" थ्रासोसने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "ईस्टरपर्यंत माझा उपास आहे, पोरी. मांस चालत नाही."

डॉक्टर कलिओपींनी हात जोडायचेच काय ते बाकी होते. थ्रासोसच्या पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीत पूर्वी बसवलेल्या जाळीच्या नळीला जंतूंनी धरलं होतं. ती काढायची आणि गाईच्या हृदयावरच्या पातळ आवरणाची नवी शिवून बसवायची, असं ठरत होतं. ईस्टर अजून लांब होता. तोवर जुनी नळी दम धरणार नव्हती, आणि ती फुटली की संपलंच.

"खायची नाहीये काका, आत शिवायची आहे."

"पोटातच जाणार ना? ऑक्टोपसची करा. तो उपासाला चालतो. त्याच्यात रक्त नसतं."

"लग्न झाल्यापासून याने एक उपास धड केला नाही," त्याची बायको एवान्थिया संत्रं सोलता सोलता म्हणाली. "पाद्री दिसला की सॉसेज टोपीखाली लपवायचा. आता बघा, संत झालाय!"

थ्रासोस भिंतीकडे बघत राहिला. चादर त्याने नाकापर्यंत ओढली. माणूस भ्यायला होता. बायकोसमोर तसं म्हणण्यापेक्षा देवाला मध्ये घालणं त्याला सोपं वाटत होतं.

डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकल्या. "काका, ते आवरण धुऊन धुऊन येतं. पांढरंशुभ्र. रक्ताचा थेंब नाही."

"थेंबही नाही?"

"ऑक्टोपसला लाजवेल."

"मग चालेल," थ्रासोस म्हणाला, जणू डॉक्टरांवर उपकारच केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न्यायला माणसं आली. एवान्थियाने त्याच्या छातीवर बोटांनी क्रूसाची खूण केली. दाराशी थ्रासोसने खाट थांबवायला लावली.

"खाटेशेजारच्या खणात, मोज्यांच्या मागे, सॉसेज आहे. कागदात गुंडाळलेलं."

"मेल्या! आणि उपास?"

"अर्धंच खाल्लंय. उरलेल्याला हात लावलास तर बघ. आल्यावर मापून घेणार आहे."

संध्याकाळी डॉक्टर टोपी काढत आल्या. नवी नळी बसली होती, रक्त नीट वाहत होतं, काका शुद्धीवर येत होते. एवान्थिया सकाळपासून होती तिथेच, खणावर हात ठेवून बसली होती. तिने डोळे पुसले आणि हसली.

"त्याला सांगा," ती म्हणाली, "अजून अर्धं आहे म्हणावं."