रिकामं पाळणाघर

खाली टेम्पोवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तशा मावशी खिडकीतून वाकल्या आणि त्यांनी त्याला चांगलं खडसावलं. बावीस वर्षांचं पाळणाघर उचलतेय, तुला दहा मिनिटं जड झाली का, म्हणाल्या. बिचाऱ्याने हॉर्नवरचा हात काढला. टेम्पोत त्याच्या शेजारी भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन मावशींचे यजमान बसले होते.

खोलीत सामान असं काही उरलं नव्हतं. सतरंज्या गेल्या, खेळण्यांचं खोकं गेलं, छताला पाळण्याचा हूक तेवढा राहिला. उरल्या तिघीजणी: मावशी, मुंगी आणि मुंगीची आई. मुंगी तीन महिन्यांची असताना इथे आली, आता साडेतीन वर्षांची होती. मावशी जातील तिथे मागोमाग जायची, म्हणून मावशींनीच तिचं नाव मुंगी पाडलं होतं. तिच्या आईने आज पोस्टातून रजा घेतली होती.

मुंगी भिंतीवरच्या जुन्या रेघोट्या नखाने खरवडत होती. तिची आई हळूच मावशींच्या कानाशी आली.

"मावशी, मी हिला खिडकीतून कबुतरं दाखवते. तेवढ्यात तुम्ही चपला हातात घ्या आणि उतरा. कळायचंसुद्धा नाही तिला."

मावशींना हसू आलं. ही विद्या त्यांचीच होती! बावीस वर्षं त्यांनी पोरांना कबुतरं दाखवली होती आणि एकेका आईला चपला हातात देऊन जिन्याने खाली पिटाळलं होतं. मागे वळून बघू नकोस, दोन मिनिटांत विसरतात, असं सांगायच्या. विसरत कुठले! काही पोरं आधी मोरीत बघून यायची, मग कपाटामागे बघायची, आणि मग दाराकडे तोंड करून पाच वाजेपर्यंत बसून राहायची. मावशींनी हे कुठल्याच आईला कधी सांगितलं नव्हतं. मुंगी तान्हेपणापासून इथली; आई गेली की मावशी असतातच, त्यामुळे तिच्यावर ती वेळच आली नव्हती. आता ती दाराकडे तोंड करून बसली, तर पाच वाजले काय नि सहा वाजले काय, तिच्यासाठी कोणी येणार नव्हतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "हिला फसवून नाही जायची मी."

त्यांनी फरशीवरच बसकण मारली आणि मुंगीला मांडीवर घेतलं. काका आणि मी लांबच्या गावाला राहायला चाललोय, तिथेच राहणार आहोत, असं त्यांनी सरळ सांगितलं. 'लवकर येईन हं' हे शब्द अगदी जिभेवर आले होते, ते त्यांनी गिळले. मुंगीने विचारलं, उद्या येशील? उद्या नाही. मग झोपून उठल्यावर? मावशींनी नकारार्थी मान हलवली. मुंगीने त्यांच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं आणि ओलं झालेलं बोट फ्रॉकला पुसलं.

रडली मात्र नाही. कपाळाला आठ्या घालून बसून राहिली. पोर समजूतदार निघाली, असं मावशींना वाटलं. बरंही वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. जरा तरी रडायला हवी होती मेली.

मुंगीची आई पुढे आली, गुडघ्यांवर बसली. आता आपण दोघी रोज घरी जेवू, मी कामावरून लवकर येत जाईन, असं बरंच काही ती भराभर बोलली. शेवटी म्हणाली, "आज तर मी कुठेच जाणार नाही, राणी. आज मी तुझ्याजवळच थांबणार आहे."

मुंगीने आईकडे पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. एकदम मांडीवरून उतरली, कोपऱ्यात ठेवलेली आईची पर्स दोन्ही हातांनी ओढत आणली आणि तिच्या खांद्याला अडकवायला लागली.

"आई, तू ऑफिसला जा."

आज सुट्टी आहे, आईने सांगितलं. मुंगीने ते कानावरच घेतलं नाही. तिने आईचा हात ओढून तिला उभं केलं, दोन्ही तळवे तिच्या गुडघ्यांना लावले आणि ढकलत ढकलत दारापर्यंत नेलं. आईने मावशींकडे पाहिलं. मावशी तशाच फरशीवर बसून राहिल्या. आई उंबऱ्याबाहेर पोचली. रोज सकाळी जसा करायची, तसा मुंगीने तिला टाटा केला.

मग ती मावशींकडे वळली. तोंडावर चक्क हसू होतं.

"गेली आई," ती म्हणाली. "मावशी, आता दार लाव."