फ्लॅटमधली राखण

मेंढ्या राखणाऱ्या जातीचा तो कुत्रा, जमलं तर ठेवायचा, या बोलीवर घरी आला होता. आज प्रशिक्षक निकाल द्यायला आले आणि तिचा जीव टांगणीला लागला.

“फ्लॅटमध्ये याला काम नाही, असंच म्हणाल ना?”

ते कुत्र्याकडे बघत राहिले. कुत्र्याने बाल्कनीतल्या नवऱ्याला ढुशा देत हॉलमध्ये आणलं. नवरा दिसताच ती स्वयंपाकघरात वळली. तिला आणेपर्यंत नवरा पुन्हा बाल्कनीत आणि लेकीने खोलीचं दार आपटलेलं. कुत्रा धापा टाकत परत उठला.

प्रशिक्षकांनी त्याला पट्टा लावला.

“काम नाही कसं, ताई? तुम्हा तिघांना एकत्र ठेवता ठेवता मेटाकुटीला आलाय बिचारा. मेंढ्यांकडे नेतो, तेवढीच विश्रांती!”