म्हशीचं औषध

बहात्तरचा दुष्काळ. सोजराबाई डोंगरकड्याहून चालत कळमनुरीच्या ढोरांच्या दवाखान्यात आली.

"सायब, बाजारातली पेंड बाधली माह्या म्हशीला. औषध द्या."

"म्हशीला इथं आणा."

"उभं ऱ्हावत न्हाई तिला. कालपासून नुसती ओकून राहिली."

बाटली काढता काढता डॉक्टरांचा हात थांबला. "बाई, म्हैस ओकत नसते."

सोजराबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हैस तर कवाच मेली, सायब. पेंड लेकीनं खाल्ली."

"अहो, मग माणसांच्या दवाखान्यात न्या तिला!"

"तिथं कोन्या तोंडानं सांगू, लेकराला ढोराचं खाणं घातलं म्हून?" ती उठली, दारापाशी जाऊन पुन्हा वळली. "उरलेली पेंड तिला देऊ का नको, तेवढं तरी सांगा. घरात दुसरं काहीच न्हाई."