बारापर्यंत गप्प

पलीकडे फोन वाजून वाजून थांबला. एरविनने याही वेळी उचलला नाही. ब्रिगिदाने तो टेबलावर पालथा टाकला, लगेच पुन्हा सरळ केला आणि खुर्चीतून उठली. बसून तरी काय करायचं होतं? बारा वाजायला अर्धा तास उरला होता.

ब्रसेल्सची ही एक तऱ्हाच आहे. युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांना मसुदा पाठवायचा, मुदत द्यायची आणि वाट बघायची. मुदतीत कुणी तोंड उघडलं नाही, तर मसुदा मंजूर. एकाने जरी हरकत घेतली, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आजच्या मसुद्यात कोळशाच्या गावांसाठी मोठा निधी होता आणि त्याला एक अट होती. निधी हवा असेल तर खाणीत नवी भरती आजपासून बंद. जुन्यांनी पेन्शन घेऊन निघायचं, नव्याने कुणी खाली उतरायचं नाही. पोलंडच्या वतीने तीन वर्षं घासाघीस करून ही अट ब्रिगिदानेच त्यात घालून घेतली होती. ती सायलेशियातल्या खाणकामगाराची मुलगी. बाप खोकून खोकून गेला तेव्हा ती शाळेत होती.

आणि ही अट हाणून पाडायला निघालेला माणूस तिचा सख्खा भाऊ होता.

एरविन खाणीच्या संघटनेचा पुढारी. गेल्याच महिन्यात त्याने वॉर्सात मंत्रालयासमोर टायर जाळले, गाडीच्या टपावर चढला आणि ओरडला, "खाण आमच्या बापाची होती आणि आमच्या पोरांचीच राहणार!" अख्खा चौक त्याच्यामागे ओरडला. मंत्री पडला हुशार. त्याने बहीणभावाच्या गळ्यात लोढणं अडकवलं आणि हात झटकले. "संघटनेला अट नको असेल तर तुझ्या भावाने बाराच्या आत तुला फोन करावा. मग तू हरकत पाठव. फोन नाही आला तर पाठवू नकोस. मला मध्ये ओढायचं नाही." एरविनने मान डोलावली होती.

मग सकाळपासून हा बाबा फोन का करत नव्हता? बरं, खाणीतही नव्हता. रजा टाकून घरात बसलाय, असं भावजयच म्हणाली होती.

ब्रिगिदा खिडकीपाशी गेली, परत आली. तिसरी कॉफी ओतली आणि तशीच ठेवून दिली. हरकतीचं पत्र समोर तयार होतं, नुसतं बटण दाबायचा अवकाश. 'परीक्षा बघतोय माझी,' तिला वाटलं. 'मी कशाला सांगू, तुझं तुला कळत नाही का, असंच म्हणत असणार.' रविवारी घरी जेवताना तो ताटावरून उठून गेला होता. जाता जाता म्हणाला होता, "तुमच्या ब्रसेल्सात गप्प बसायचा पगार मिळतो. आमच्याकडे गप्प बसला तो मेला."

दारात कॉर्मक उभा राहिला. या सहामाहीत संघाच्या अध्यक्षपदाची खुर्ची आयरिश लोकांकडे होती आणि हरकती गोळा करायचं काम त्याच्याकडे.

"काय बाई, सव्वीस जण गप्प आहेत. तुझ्या घशात काही अडकलंय का?"

"अजून तरी नाही."

"अजून म्हणजे?"

"अजून म्हणजे अजून. जा ना रे तू."

"जातो. खाली बाटली थंड करत ठेवलीय, तेवढं लक्षात असू दे."

तो गेला. ती बसली आणि बोट बटणावर ठेवलं. बाप गेल्यावर एरविन अठराव्या वर्षी खाणीत उतरला होता, ही शिकावी म्हणून. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि तिला तेच जास्त टोचायचं. त्याचं उत्तर तिला पाठ होतं. त्याच्या वतीने एवढं एक बटण दाबायला तिचं काय जात होतं? तीन वर्षांचं काम जात होतं. आणि त्या कामावर तिचा मनापासून विश्वास होता.

"फोन आला तर पाठवायचं ठरलंय," ती मोठ्याने म्हणाली. "फोन आलेला नाही."

तिने बोट काढून घेतलं. हात मांडीवर दाबून बसून राहिली. घड्याळाकडे बघवेना. थोड्या वेळाने खालून टाळ्या ऐकू आल्या. तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली, की रडूच फुटलं.

तेवढ्यात फोन वाजला. एरविन.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. मंजूर झालं. अरे, तू फोनच केला नाहीस, मी काय करणार होते? सकाळपासून लावतेय तुला. बिघडला होता का फोन? तू नुसतं नको म्हणाला असतास, तर मी पत्र पाठवलं असतं. शप्पथ पाठवलं असतं."

"फोन हातातच होता."

"काय?"

"हातात धरून बसलो होतो, गिदा. दर वेळी तुझं नाव दिसत होतं."

मग तो हळू आवाजात, कुणी ऐकेल अशी भीती असल्यासारखा बोलला.

"आमचा शिमेक सोमवारी खाणीत रुजू होणार होता. गावभर सांगत सुटला होता, बापासारखा होणार म्हणून. खाण पोरांची, असं भर चौकात मीच ओरडलोय. आता माझ्याच पोराला कुठल्या तोंडाने सांगणार होतो, की तू खाली उतरू नकोस?"